चारबटियाची फाईल दिल्लीत का नाही?

पंडित नेहरूंनी अमेरिकेच्या यू-२ हेरविमानांना भारतीय हद्दीवरून उडण्याची मुभा दिली होती, याचा सविस्तर अधिकृत दाखला भारतीयांना ऑगस्ट २०१३ मध्ये मिळाला. आणि तोही ‘सीआयए’च्या दप्तरातून. या विमानांच्या कामगिरीचा जो इतिहास त्या संस्थेने स्वतःच्या उपयोगासाठी लिहवून घेतला होता, तो तेव्हा बहुतांशी खुला झाला.

चीनने नेमका किती मुलूख बळकावला, याचे स्पष्ट चित्र १९६२ च्या पराभवाच्या दिवसांत दिल्लीपाशी नव्हते. नोव्हेंबरात नेहरूंनी सीमाभागावरील उड्डाणांना संमती दिली. विमाने थायलंडमधील ताखली तळावरून येत. हे अंतर मोठे होते. म्हणून ३ जून १९६३ रोजी अध्यक्ष केनेडी आणि राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या भेटीत ओडिशातील चारबटिया या दुसऱ्या महायुद्धकालीन, वापरात नसलेल्या तळाचा उपयोग करू देण्याचे ठरले. दुरुस्ती रेंगाळली. तेथून पहिली मोहीम निघाली ती २४ मे १९६४ रोजी. तिसऱ्या दिवशी नेहरूंचे निधन झाले आणि उड्डाणे थांबली. डिसेंबरात सीमेवर पुन्हा तणाव वाढल्यावर आणखी तीन झाली.

अलिप्ततावाद हे ढोंग होते, असा निष्कर्ष यावरून काढणे सोपे आहे, पण तो उतावळेपणाचा ठरेल. हा इतिहास हेरसंस्थेने स्वतःविषयी लिहिला आहे. त्यात भारताला स्थान आहे ते प्रामुख्याने धावपट्टी म्हणून. संमती कोणत्या अटींवर दिली, मंत्रिमंडळात कोणाला विश्वासात घेतले, संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांचे मत काय पडले, हे भारतीय फायलींतील टिपण्यांवरूनच कळू शकते.

आणि नेमकी तेथेच वाट अडते. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ नुसार गोपनीयतेचा शिक्का असलेला कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जाऊच शकत नाही. शिक्का उतरवायचा तो संबंधित खात्यानेच. त्यासाठी गोपनीय कागदांचे दर पाच वर्षांनी मूल्यमापन करण्याची तरतूद १९९७ च्या नियमांत आहे. हे काम अवर सचिवाच्या दर्जाचा अधिकारीही करू शकतो. पण शिक्का ठेवल्याबद्दल कोणाला जाब द्यावा लागत नाही. उतरवल्याबद्दल मात्र द्यावा लागू शकतो. मंत्रालयांत उमेदवारी केलेल्या वाचकांना हे निराळे सांगायला नको.

१९६२ च्या पराभवावरील हेंडरसन ब्रुक्स अहवालाचीही हीच गत झाली. सप्टेंबर १९६३ मध्ये चव्हाणांनी लोकसभेत त्या चौकशीविषयी निवेदन केले, अहवाल मात्र सभागृहापुढे ठेवला नाही. केंद्रीय माहिती आयोगानेही २०१० मध्ये तो उघड करण्यास नकार दिला. त्याचा मोठा भाग अखेर २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने जगापुढे आणला.

चारबटियाचा अमेरिकी वापर जुलै १९६७ मध्ये संपला. भारताच्या एव्हिएशन रिसर्च सेंटरचाही तळ तेथेच होता. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत या केंद्राचे नाव आहे. भ्रष्टाचार वा मानवी हक्कभंगाचा आरोप असल्याखेरीज तेथे केलेल्या अर्जाला उत्तर देण्याचे बंधन त्याच्यावर नाही.