भिंतीवरचे मौन

लग्नसराई जवळ आली की परभणी, सेलू, मानवत आणि जिंतूरच्या कापड-दुकानांत वारली नक्षीचे कापड उलगडले जाऊ लागते. तांबूस पोतावर पांढरे त्रिकोणी स्त्री-पुरुष, मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचे वेटोळे. हीच नक्षी चादरीवर असते, लग्नपत्रिकेवर असते, चहाच्या कपावरही असते. गिऱ्हाईक भाव विचारते, दुकानदार मीटर मोजतो, व्यवहार पुरा होतो. ही आकृती भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगात कोणी नेली, हा प्रश्न मात्र गल्ल्यापाशी सहसा निघत नाही.

त्या प्रश्नाच्या उत्तरात एका मुक्या झालेल्या मुलाची कथा आहे. जिव्या सोमा मशे यांचा जन्म १९३४ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील तलासरी तालुक्यात, धामणगाव येथे झाला. घर वारली जमातीचे, गरिबी पिढीजात. मूल सात वर्षांचे असताना आई गेली. त्या धक्क्याने त्याची वाचाच बसली. पुढे कित्येक वर्षे तो कोणाशी बोलला नाही. जे सांगायचे ते तो बोटाने किंवा काडीने जमिनीवरच्या धुळीत रेखाटून दाखवी. गावाला ते वेड वाटले असल्यास नवल नाही. शाळा, गुरू, रंगपेटी यांपैकी काहीही त्याच्या वाट्याला आले नाही. पुढे तो डहाणू तालुक्यातील कळंबीपाडा येथे राहू लागला, शेतमजुरी करू लागला आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत त्याच परिसरात राहिला.

वारली चित्र ही मुळात स्त्रियांची कला. लग्नाच्या वेळी सवाशिणी शेणागेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आणि त्यात पालघट देवीची प्रतिष्ठा करीत. ‘लिहिणे’ हाच त्यांचा शब्द. लग्न पार पडले की त्या चित्राचे काम संपे. पुरुषाने भिंतीवर लिहावे अशी रीत नव्हती, आणि लग्नकार्य नसताना लिहावे अशी तर मुळीच नव्हती. जिव्या हे दोन्ही करू लागले. मासेमारीचे जाळे, भातलावणी, मुंग्यांची रांग, झाडावरचे पक्षी, जे दिसेल ते त्यांच्या चित्रात उतरू लागले. रीत मोडणाऱ्या माणसाला समाजात जी किंमत मोजावी लागते, ती ओळखण्यास व्यापारी कुटुंबांना दूर जावे लागत नाही. पेढीवर बसण्याऐवजी वेगळ्या वाटेने जाणारा मुलगा प्रत्येक मोठ्या घराण्यात एखादा तरी होऊन गेलेला असतो.

१९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार वारली पाड्यांत आले. पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने मिथिलेतील स्त्रियांना भिंतीवरून कागदाकडे वळवण्याचे काम ते आधी करून आले होते. त्यांनी पाड्यातील स्त्रियांना कागद आणि रंग दिले. स्त्रिया संकोचल्या; पुढे झाले ते जिव्या. १९७५ साली मुंबईत शेमोल्ड कलादालनात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. २००३ साली जर्मनीत ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या जोडीने त्यांची कला मांडली गेली. २०११ साली पद्मश्री मिळाली.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला एक विलक्षण घटना घडत होती. अमेरिकेतील शिकागो शहरात हेन्री डार्जर नावाचा एक वृद्ध राहत असे. त्याचीही आई तो चार वर्षांचा होत असतानाच गेली होती. वडील अपंग, त्यांना सांभाळणे झेपेना. मुलगा आधी अनाथगृहात आणि मग मतिमंद ठरवलेल्या मुलांच्या आश्रमात ढकलला गेला. तेथून तो पळाला आणि जन्मभर रुग्णालयांत झाडलोट करून भाड्याच्या एका खोलीत एकटाच राहिला. शेजाऱ्यांच्या लेखी तो एक विक्षिप्त, पुटपुटणारा म्हातारा होता. १९७२ साली जिना चढवेना म्हणून त्याने खोली सोडली. घरमालक नेथन लर्नर ती साफ करू लागले, तेव्हा पंधरा हजारांहून अधिक पानांची कादंबरी आणि शेकडो चित्रे सापडली. पुढच्याच वर्षी डार्जर गेला. १९७२ मध्येच रॉजर कार्डिनल या लेखकाने अशा स्वयंशिक्षित, एकाकी कलावंतांच्या कामासाठी इंग्रजीत एक नाव रूढ केले. त्याचा मराठी आशय ‘उंबऱ्याबाहेरची कला’ असा सांगता येईल.

दोघांचे दुःख एका जातीचे होते. फरक एवढाच की डार्जरच्या दारावर कोणी थाप मारली नाही आणि जिव्यांच्या अंगणात एक माणूस कागद घेऊन येऊन बसला. कुलकर्णी यांनी जिव्यांना कला शिकवली नाही. ती त्यांच्याजवळ होतीच. त्यांनी फक्त थांबून पाहिले.

तरीही कीर्तीने सगळे प्रश्न सुटले असे नाही. शासनाने देऊ केलेली जमीन जिव्यांच्या हाती येण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला. परदेशांत चित्रे लागत होती आणि चित्रकार पाड्यातच राहून भात पिकवत होता. दरम्यान त्यांच्या रेषांच्या नकला छापखान्यांतून लाखोंनी निघत राहिल्या. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली, म्हणजे हे नाव त्या समाजाचे आहे हे कायद्याने मानले. परंतु कायद्याची नोंद आणि दुकानातील व्यवहार यांत अंतर राहतेच. १५ मे २०१८ रोजी जिव्या गेले. त्यांची मुले सदाशिव आणि बाळू यांनीही ही कला पुढे चालवली.

रोजमेळ लिहिणाऱ्या हातांना जमा आणि नावे यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ज्याचे देणे आहे त्याचे नाव वहीत असावे लागते. नाव नसलेली रक्कम हा हिशेबातील दोष असतो. वारली नक्षीचा माल भरताना तो हाताने लिहिलेला की छापलेला, कोणत्या पाड्यातून आला, मोबदला कोणाला पोहोचला, एवढे विचारणे हा धंद्यावरचा भार नव्हे. अशी विचारपूस करणारा एक दुकानदार बाजारात असला तरी पुरवठा करणाऱ्याला उत्तर तयार ठेवावे लागते.

दुसरे देणे घरातले आहे. मोठ्या एकत्र कुटुंबात एखादे मूल गप्प असते. पाहुणे आले की आत जाते, दुकानावर बसवले तर बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीबाही रेखाटत राहते. त्याला बोलते करण्याची घाई सर्वांना असते. त्याने काय रेखाटले ते पाहण्यास फारशी फुरसत कोणाला नसते. आजोबांनी एखाद्या दुपारी चष्मा लावून तो कागद हाती घ्यावा आणि काही न बोलता नवा कागद त्याच्यापुढे सरकवावा. त्यातून कलावंत निघेलच असे नाही. पण धुळीत लिहिणाऱ्या त्या मुलालाही सर्वांत आधी हवे होते ते कोणाचे तरी पाहणेच.