सहयोगाची कसोटी : चित्र की हंगाम?

कलावंताने कसत्या शेतावर काही आठवडे राहावे, शेतकऱ्याबरोबर काम करावे आणि त्यातून कलाकृती सिद्ध व्हावी, या प्रकाराला आता 'रेसिडेन्सी' म्हणतात. तिच्याविषयी लिहिताना आपली समीक्षा 'सहयोग' हा शब्द इतक्या सैलपणे वापरते की, ती संकल्पना न राहता प्रशस्तिपत्र झाली आहे. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप रेसिडेन्सीवर नाही. तिच्या समीक्षेवर आहे.

मध्य प्रदेशातील मराठीभाषक पट्ट्यात पारडसिंगा हे गाव आहे. तेथे शिल्पकार श्वेता भट्टड आणि गावातील शेतकरी, स्त्रिया यांनी 'ग्राम आर्ट प्रोजेक्ट' उभा केला. २०१४ साली 'मेक इन इंडिया'ची घोषणा झाली. तिला उत्तर म्हणून पुढे या मंडळींनी पंतप्रधानांचे चित्र शेतात उगवले आणि 'ग्रो इन इंडिया' असे आवाहन केले. हे चित्र पूर्णपणे दिसते ते आकाशातून. धुऱ्यावर उभ्या माणसाला रोपांच्या ओळीच दिसतात. समीक्षेने मात्र छायाचित्र हीच संहिता मानली. याच गटातील स्त्रिया देशी कापसाच्या सुताच्या, बी गुंफलेल्या राख्या करतात. त्यांची नोंद 'उपजीविका' या सदरात होते, कलेच्या नाही. हा भेद पारडसिंग्याने केलेला नाही. आकाशातून पाहणाऱ्या नजरेचा तो भेद आहे.

ही नजर नवी नाही. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळ शेगावात राहायला आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. त्याच्या सजावटीसाठी त्यांनी नंदलाल बोस यांना बोलावले. बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून नगर उभे राहिले. भारतीय कलेच्या इतिहासात त्याचे मोल निःसंशय मोठे आहे. पण त्या इतिहासाने नंदलालांचे नाव राखले आणि बांबू बांधणारे हात 'स्थानिक कारागीर' या सामान्यनामात विरघळले. हा दोष नंदलालांचा नव्हे, इतिहासलेखनाचा.

मराठी समीक्षेपुरते बोलायचे तर या अंधत्वाचे एक कारण ग्रामीण साहित्याच्या चर्चेत सापडते. त्या चर्चेने अनुभवाचा अस्सलपणा ही कसोटी मानली. लेखकाने शेती भोगली आहे की नाही, हा प्रश्न तिने पुष्कळ विचारला आणि तो आवश्यकही होता. परंतु त्यात कर्ता एकच गृहीत होता. दोघांनी मिळून केलेल्या कृतीचे कर्तृत्व कसे वाचावे, याची परिभाषा आपण घडवलीच नाही. परिणामी कलावंत शेतावर गेला की त्याच्या अनुभवाला अस्सलतेचा शिक्का मिळतो. शेतकरी पुन्हा आशयद्रव्यच राहतो.

म्हणून समीक्षेने वाचनाचे एकक बदलले पाहिजे. चित्र नव्हे, हंगाम वाचला पाहिजे. पुलगावच्या आसपास पऱ्हाटी मृगाच्या पावसावर लागते आणि वेचणी हिवाळाभर चालते. पाहुणा कलावंत यांतले काही आठवडेच पाहतो. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळी आली. तिचा भार ज्याच्या नावावर पीककर्ज होते त्याच्यावर पडला. सहयोगाची परीक्षा येथे होते. कृतीसाठी दिलेल्या जमिनीचे उत्पन्न बुडाले तर भरपाई कोण करतो? कृती प्रदर्शनात गेली की श्रेय आणि पैसा कसा वाटला जातो? आणि 'माझ्या वावरात हे नको' असे म्हणण्याची मोकळीक शेतकऱ्याला आहे काय?

हे प्रश्न अर्थशास्त्राचे आहेत, सौंदर्यशास्त्राचे नाहीत, असा आक्षेप घेतला जाईल. तो टिकणारा नाही. कर्ता कोण हे ठरवल्याशिवाय कृतीचा अन्वयार्थ लागत नाही आणि शेतावर कर्ता ठरतो तो जोखमीने. जेथे जोखीम एकाची आणि स्वाक्षरी दुसऱ्याची असते, तेथे सहयोग नसतो. फार तर आदरातिथ्य असते. आदरातिथ्याला सहयोग म्हणणारी समीक्षा कलावंताचा गौरव करत नाही आणि शेतकऱ्याचाही नाही. ती केवळ स्वतःची सोय पाहते.