हलक्या वजनाचा मान

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये २०१७ ते २०२० या काळात ‘वर्ल्ड बॉक्सिंग सुपर सिरीज’ नावाची स्पर्धा झाली. पद्धत अगदी आपल्या गावाकडच्या कबड्डी सामन्यांसारखी. एका वजनगटात आठ बॉक्सर, हरला तो बाद, शेवटी उरेल त्याला मोहम्मद अलीच्या नावाचा करंडक. पहिल्या हंगामात दोन वजनगट होते, दुसऱ्यात तीन. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. साधारण ९१ किलोच्या गटात जिंकणाऱ्याला जो करंडक, तोच साडेत्रेपन्न किलोच्या गटात जिंकणाऱ्यालाही. आणि ७ नोव्हेंबर २०१९ ला जपानमध्ये सैतामाला नाओया इनोउए आणि नोनितो डोनेअर यांची जी बारा फेऱ्यांची अंतिम लढत झाली, ती त्या वर्षातली सर्वोत्तम लढत मानली गेली. वजनगट कुठला? साडेत्रेपन्न किलोचा! सिमेंटच्या गोणीपेक्षा जेमतेम साडेतीन किलो जास्त.

वजनगट ही मला खेळातली सगळ्यात शहाणी कल्पना वाटते. बुटक्या खेळाडूंसाठी बास्केटबॉलची रिंग कोणी खाली आणत नाही. पण जिथे अंगावर मार बसतो तिथे माणसाने कबूल केलंय की बाबा रे, आधी काटा, मग सामना. पुरुषांच्या व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये असे अनेक गट आहेत आणि सगळ्यात खालचा गट ४७.६ किलोचा आहे. म्हणजे तेवढ्याशा वजनाचा माणूसही जगज्जेता होऊ शकतो, आणि त्याला कोणी ‘लहान जगज्जेता’ म्हणत नाही.

आपल्याला हे नवीन नाही खरं तर. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते ५७ किलोच्या गटात आलं. वजनगट नसते तर खाशाबांसमोर शंभर किलोचा गडी उभा राहिला असता. तरीही आपलं मन भरतं ते भारी पैलवान बघूनच. ‘महाराष्ट्र केसरी’ची गदा ८६ ते १३० किलोच्या गटाला. त्याच अधिवेशनात ५७, ६१, ६५ किलोच्याही कुस्त्या होतात. त्यातल्या गेल्या तीन विजेत्यांची नावं पटकन सांगा बघू! नाही ना येत?

हे सगळं मनात आलं ते जव्हार-मोखाड्यामुळे. या बाजूची वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी मंडळी बहुतेक अंगाने काटक. डोक्यावर हंडा किंवा लाकडाची मोळी घेऊन ज्या वेगाने चढ चढतात ते बघून आपल्याला धाप लागते. शेजारच्या हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं, तेव्हा या डोंगराळ भागातल्या अंगात काय आहे ते सगळ्या देशाने पाहिलं. ठाणे-पालघर-नाशिककडच्या कबड्डीच्या फलकांवर ‘५५ किलो वजनी गट’ असं तुम्हीही वाचलं असेल. म्हणजे वजनगट, बाद पद्धत, सगळं इथल्या पोरांना माहीत आहे.

मग तुम्ही म्हणाल, इथे बॉक्सिंग का नाही? मीही तेच म्हणते. रिंगला वीस बाय वीस फुटांची जागा पुरते. जव्हारच्या पावसात चार महिने मैदानाचा चिखल असतो, तेव्हा छपराखालचा खेळ सोयीचाच. आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धा होतात, पण कबड्डी, खोखो, धावणं, आणि तेही वयोगटाने. चौदा वर्षांचं पोर हाडापेराने दहाचं दिसत असेल तर वयोगट त्याला काय न्याय देणार? तिथे वजनगटच हवेत.

पण इथेच मला थांबायचंय. कारण अशी चर्चा निघाली की कोणीतरी हमखास म्हणतं, “अहो, उपाशी पोटातच आग असते, चॅम्पियन तिथूनच निघतात.” हे वाक्य मला अजिबात सहन होत नाही. जव्हार-मोखाड्यात वजनाचा काटा पहिल्यांदा भेटतो तो अंगणवाडीत. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून अधिक बालकं दगावली, तेव्हा हे नाव सगळ्या महाराष्ट्राला कळलं. आज अंगणवाडीत पोराच्या दंडाला पट्टी लावतात. साडेअकरा सेंटीमीटरच्या आत घेर असेल तर तीव्र कुपोषित, साडेअकरा ते साडेबारा असेल तर मध्यम. म्हणजे इथेही गट आहेतच. फक्त या सामन्यात समोरचा गडी कधीच आपल्या वजनाचा नसतो.

वाढीच्या वयात जेवण न मिळाल्याने ४५ किलोवर अडकलेलं अंग आणि ४५ किलोचं कसलेलं अंग, काट्यावर दोन्ही सारखीच दिसतात. काट्याला फरक कळत नाही, तो आपल्याला कळायला हवा. शिवाय या खेळांत वजन ‘तोडावं’ लागतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलोच्या गटात विनेश फोगाट शंभर ग्रॅमसाठी अंतिम कुस्तीला मुकली. रात्रभर ती घाम गाळत होती. अंगातलं पाणी असं आटवणं धडधाकट, चांगल्या खात्यापित्या खेळाडूलाही धोक्याचं, कारण अशा अवस्थेत डोक्यावर बसलेला ठोसा जास्त इजा करतो. ज्या पोराच्या अंगात आटवायला काही शिल्लकच नाही, त्याला कोणी उत्साही प्रशिक्षक “दोन किलो उतरव, खालच्या गटात पदक आहे” असं म्हणाला तर?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जव्हार-मोखाड्यात वजनगटांच्या स्पर्धा जरूर व्हाव्यात. ४५, ४८, ५१ किलोच्या विजेत्याला वरच्या गटाइतकंच बक्षीस मिळावं. पण नाव नोंदवताना वजनाबरोबर उंची आणि रक्तातलं हिमोग्लोबिनही बघावं. ते कमी असेल त्या पोराला घरी न पाठवता आधी जेवू घालावं, आणि वजन उतरवायला कोणालाच परवानगी नसावी. वजन वाढून पोर वरच्या गटात गेलं तर त्याचं कौतुक व्हावं! दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि लहान पोरं आईबापांबरोबर जातात. त्या महिन्यांत ताटात काय पडतं याची काळजी नसेल, तर ग्लोव्हज वाटून काय उपयोग? अमृत आहार योजनेत २०१५ पासून गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक चौरस जेवण देण्याची सोय झाली, पुढे लहान मुलांना अंडी-केळीही. पदकाची तयारी खरी तर तिथून सुरू होते. बॉक्सिंग पुढची पंधरा वर्षं थांबू शकतं, अंडं थांबू शकत नाही.

हलक्या वजनाला मान मिळायलाच हवा. पण भुकेने हलकं झालेल्या वजनाचं कौतुक नको. बघा, पटतंय का. नाही पटलं तर जरूर भांडा, फक्त समान वजनगटात!