मोटारीने गावी

मराठीत सप्तमीचे प्रत्यय तीन: त, ई, आ. शाळेत हे प्रत्येकाने घोकलेले असते आणि शाळा सुटल्यावर प्रत्येकजण ते विसरलेला असतो. विसरल्याने कुणाचे काही अडतही नाही. आपण ऑफिसात जातो, बँकेत जातो, दवाखान्यात जातो. सगळीकडे ‘त’ चालतो. पण घरी जातो, माहेरी जातो, आजोळी जातो आणि गावी जातो. ‘ऑफिसी पोचलो’ किंवा ‘हॉटेली जेवलो’ असे म्हणणारा गृहस्थ मला अजून भेटायचा आहे. वर्गात हा भेद मी दरवर्षी समजावून सांगतो. गावात कोणीही जाईल; वीजमीटरचे आकडे घेणारा जाईल, डासांवर औषध फवारणारा जाईल. गावी मात्र ज्याचे गाव असते तोच जातो.

एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, मग ‘परदेशी गेला’ कसं?” तास संपायला दोन मिनिटे होती. मी म्हणालो, “अरे, तिथंही माणूस पाय लावून परत फिरत नाही. मुक्कामी राहतो.” वर्ग हसला, घंटा झाली. व्याकरणाच्या पंडितांपुढे हे उत्तर टिकणार नाही, हे मी जाणतो. तरी घरी, सासरी, माहेरी, आजोळी, मुक्कामी हे शब्द एका ओळीत मांडून पाहा. या सगळ्या ठिकाणी माणूस रात्री पाठ टेकतो.

हे सारे आज आठवण्याचे कारण आमची मोटार.

माझे गाव वाई. पुण्यापासून सुमारे ९० किलोमीटर. माझ्या लहानपणी, म्हणजे १९९०च्या आसपास, हे अंतर एसटीच्या ताब्यात होते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून महाराष्ट्राने कुणाच्या घरी किती वेळ बसायचे हे एसटीच्या वेळापत्रकावरून ठरवले आहे. सुट्टी लागली की स्वारगेटला रांग, खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा, कात्रज, नीरेचा पूल, शिरवळ आणि मग खंबाटकीचा घाट. घाटात माझ्या धाकट्या भावाला हमखास उलटी व्हायची. आई त्यासाठी पिशवीत लिंबू ठेवी. सुरूर फाट्यावर गाडी उजवीकडे वळली, वडाची झाडे सुरू झाली, की आम्ही चपला शोधू लागत असू. एवढा खटाटोप करून आलेला माणूस दोन तासांत परतत नसे. आणि परतायचे म्हटले तरी शेवटची गाडी गेलेली असे. “गेली ना गाडी? बरं झालं,” असे म्हणून आत्या चुलीकडे वळे. गाडी चुकणे हा आमच्या घरी आनंदाचा प्रसंग होता.

आता दारात स्वतःची मोटार आहे. पहाटे निघावे, खेड-शिवापूरच्या नाक्यावर फास्टॅगने परस्पर पैसे कापून घ्यावेत आणि नाश्त्याला वाईत असावे. खंबाटकीने तर वर्षानुवर्षे एक मजेदार वाटणी करून ठेवली होती: जाणाऱ्याला घाट, येणाऱ्याला बोगदा. गावी जाताना वळणे घेत चढायचे आणि पुण्याकडे परतताना डोंगराच्या पोटातून सरळ सुटायचे. आमच्या येण्याजाण्याचीही तीच तऱ्हा झाली. गाव जवळ आले आणि मुक्काम आखडला. ज्याला केव्हाही निघता येते, तो जेवण झाल्याबरोबर निघतो. घड्याळ बघत म्हणतो, “उजेडात निघालेलं बरं.”

वाईवरून महाबळेश्वरला जाणारे प्रवासी तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या हातात पॉइंटांची यादी असते. ढोल्या गणपती झाला, पुढे मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि वसईहून आणलेली ती मोठी घंटा झाली, मग पसरणीचा घाट चढून पाचगणी. ‘स्वदेस’ नावाचा चित्रपट २००४ साली आला, त्याचे चित्रण मेणवलीच्या घाटावर झाल्यापासून तिथेही फोटोंची गर्दी असते. आम्ही वाईकर या घाईला हसत आलो. पण स्वतःच्या मोटारीतून गावी जाणाऱ्या माझ्यासारख्यांची यादी ऐका. सव्वानऊ ते दहा आत्या. दहा ते साडेदहा शाळेतले जुने मास्तर. अकराला गॅरेजवाला बालमित्र. बाराला कृष्णेच्या घाटावर पाच मिनिटे. मग वहिनीच्या हातचे जेवण आणि दोनला प्रस्थान. पॉइंट पाहावेत तशी माणसे पाहून होतात.

माणसाचे गाव कशाने ठरते? वाईत याचे एक थोर उदाहरण आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा जन्म १९०१ साली खानदेशात पिंपळनेरला झाला. लहान वयात ते शिकण्यासाठी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत आले आणि वाईचेच झाले. पुढे १९५४च्या दिल्लीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. पण त्यासाठी ते मुंबईला गेले नाहीत, विश्वकोशाचे काम वाईला आले. १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. १९९४ साली शास्त्रीबुवा गेले, तेव्हा त्यांना पिंपळनेरचे म्हणणारा वाईत कुणी नव्हता. राहण्याने गाव आपले होते. मग न राहण्याने आपले गाव आपले राहते का, हा प्रश्न आमच्या पिढीने स्वतःला विचारायला हरकत नाही.

गेल्या दिवाळीत पाडव्याला आम्ही वाईला गेलो. सौभाग्यवती, मुलगी आणि मी. मधल्या आळीतल्या घरात दादा, वहिनी आणि आत्या असे तिघे असतात. आत्या चौऱ्याऐंशीची. वैधव्य आल्यावर ती माहेरी आली त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. सकाळी ती नेहमीसारखी प्रसन्न होती. माझ्या मुंजीत भिक्षावळीला कोण कोण होते ते तिने नावांनिशी सांगितले. माझ्या मुलीला म्हणाली, “तुझा बाप चकली मोडून त्यातलं काटेरी तेवढं खायचा.” आम्ही हसलो. अधूनमधून दादा फोनवर सांगे, “आत्याचं काही खरं नाही, फार विसरते.” आम्ही पुण्याची भावंडे एकमेकांना सांगत असू, “दादा उगाच काळजी करतो. मी परवा जाऊन आलो, ठणठणीत आहे.”

जेवणाआधी वहिनीने सहज विचारले, “संध्याकाळी तुम्हाला धरायचं नाही ना?” पूर्वी ती ‘धरू ना?’ असे विचारी. त्याच्याही आधी ती विचारीतच नसे. प्रश्नातला हा फेरफार मराठीच्या मास्तराच्या कानांतून सुटला नाही. मी काही बोलणार, तोच आमचा गॅरेजवाला मित्र दारात उभा. त्याचे गॅरेज बसस्थानकाच्या रस्त्याला आहे. दादाच्या घराकडे त्याचे रोज एक चक्कर असते.

“किल्ली दे. पुढच्या चाकात हवा कमी दिसतेय. बघून आणतो,” तो म्हणाला.

दोन वाजले, चार वाजले, मोटार नाही. फोन केला तर म्हणाला, “आज पाडवा. पोरं सुट्टीवर आहेत. उद्या सकाळी आणून देतो. राहा की रे एक दिवस.” त्याच्या आवाजात आग्रह होता आणि आणखीही काही होते.

वहिनी माळ्यावर चढली. माळ्यावर पूर्वी सात गाद्या असत. आता दोन निघाल्या. “कोणी निजत नाही, ढेकूण होतात, म्हणून दिल्या बाकीच्या,” असे ती खालमानेने म्हणाली. शेजारून एक सतरंजी आली आणि आमची सोय झाली.

दिवे लागल्यावर आत्या बदलू लागली. आधी ती गप्प झाली. मग माझ्या बायकोला तिने “तुम्ही कुणाकडच्या?” असे अदबीने विचारले. जेवताना पानातला भात तिने दोनदा बाजूला काढून ठेवला. “भाऊ यायचाय अजून,” म्हणाली. भाऊ म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली. दादा-वहिनी काही बोलले नाहीत, फक्त वहिनीने तो भात झाकून ठेवला.

रात्री दोनच्या सुमारास कडी वाजली. उठून पाहतो तो आत्या दारापाशी उभी. हातात लुगड्यात बांधलेले बोचके. मला म्हणाली, “अहो, मला जरा घरी सोडता का? सगळे वाट बघत असतील.”

ज्या घरात ती जन्मली, त्याच घराच्या उंबऱ्यावर उभी राहून ती मला घरी पोचवायला सांगत होती. मी “आत्या, हे घरच आहे,” असे म्हणताच ती रडकुंडीला आली. तेवढ्यात वहिनी उठून आली. तिने आत्याच्या हातातले बोचके घेतले आणि अगदी शांतपणे म्हणाली, “जाऊ या ना. पहिली एसटी सहाला आहे. आत्ता स्टँडवर थंडीत कुठं बसायचं? तोवर जरा पडू या.” एसटीचे नाव काढताच आत्याला पटले. एसटी तिच्या वेळेलाच सुटणार, हे तिला अजून ठाऊक होते. ती मुकाट्याने परत जाऊन आडवी झाली. दारात मोटार उभी नव्हती हे त्या क्षणी किती बरे होते, ते मी सांगू शकत नाही.

मग दादा आणि मी ओटीवर बसलो. “रोज असं?” मी विचारले.

“रोज. कधी एकदा, कधी चारदा. सहा महिने झाले. ही आणि मी आळीपाळीनं जागतो.” तो थोडा वेळ थांबून म्हणाला, “तुम्हाला सांगितलं, पण तुम्ही सकाळी येता. सकाळी ती असतेच चांगली.”

स्मृतिभ्रंशाच्या कित्येक रोग्यांचा गोंधळ दिवस मावळताना वाढतो. डॉक्टरांच्या हे परिचयाचे आहे. पुढे आत्याला दाखवले तेव्हा आम्हालाही त्यांनी ते समजावून सांगितले. दहा ते दोनच्या भेटीत मात्र ते कुणाला कधी कळले नसते. घराची खरी दुखणी दिवसा दिसत नाहीत. दिवसा फराळ असतो, फोटो असतात, पाहुण्यांपुढे बरे दिसावे म्हणून नेसलेली बरी साडी असते. आजार, कर्ज, मुलाचे न जमणारे लग्न या गोष्टी मांडायला घरच्या माणसाला रात्रीचे दहा वाजून जावे लागतात आणि ऐकणारा सकाळपर्यंत उठणार नाही याची खात्री लागते.

सकाळी मित्र मोटार घेऊन आला. चाकातल्या हवेचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही. किल्ली देताना एवढेच विचारले, “रात्री बोलला का तुझा दादा?”

पुण्याला पोचल्यावर आम्ही चार भावंडे एकत्र बसलो. एकजण पिंपरीला असतो, एक बहीण सातारला. दर शनिवारी एकाने वाईला मुक्कामी जायचे आणि रात्री आत्याच्या खोलीत निजायचे. दादा-वहिनींनी त्या रात्री वरच्या मजल्यावर दार लावून झोपायचे, असे ठरले. वर्षभर ते चालले आहे. दाराची कडी आम्ही वर बसवून घेतली, न्हाणीच्या वाटेवर रात्रभर दिवा असतो. औषधाने आत्याची झोप थोडी सुधारली आहे. आजार बरा होणारा नाही, हे आम्ही सगळे समजून आहोत. मोटार नसती तर दर आठवड्याला हे जमले नसते, हेही तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. मोटारीचा दोष एवढाच की ती दारात उभी राहून “निघायचं का?” असे विचारत असते, तिला “उद्या” म्हणून सांगावे लागते.

या दिवाळीत तुमच्यापैकी पुष्कळजण मोटारी काढून गावी निघाले असतील. कुणी सांगलीकडे, कुणी नगरकडे, कुणी कोकणात. फराळाच्या डब्यांबरोबर पिशवीत रात्रीचे कपडेही टाका. पोचल्याबरोबर ते खुंटीला अडकवा, म्हणजे घरच्यांना विचारावे लागणार नाही.

मागच्या शनिवारी माझी पाळी होती. मधल्या आळीत शिरलो तेव्हा दिवेलागण होत होती. वहिनी तांदूळ धूत होती. तिने मान वर करून पाहिले आणि काही न विचारता डब्यातून आणखी एक वाटी तांदूळ घातले. माळ्यावर आता पाच गाद्या आहेत.