खेळातील संजीवनी

हल्ली आपल्यासारख्या घरांतून एखादा पुतण्या किंवा भाचा अमेरिकेस असणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. त्याची मुले तेथील कॉलेजात जाऊ लागली म्हणजे भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास येणाऱ्या दूरध्वनीत अभ्यासाच्या आधी फुटबॉलची वार्ता येते. आणि घरातील वडील मंडळींस प्रश्न पडतो की, ज्याच्या नावात पाय आहे परंतु ज्यात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो, असा हा खेळ आहे तरी कसला? त्या प्रश्नाचे उत्तर यथामती देण्याचे योजिले आहे. मात्र ते देता देता आम्हांस अमेरिकेहून साताऱ्यास यावे लागेल, हे आरंभीच सांगून ठेवतो.

त्या खेळात अकरा-अकरा गड्यांचे दोन पक्ष असतात. ज्या पक्षाच्या हाती चेंडू असेल त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड भूमी पुढे सरावयाचे. साधले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. म्हणजे वरकरणी चेंडूचा दिसला तरी हा खेळ मूळचा भूमीचा आणि चढाईचा आहे. कॉलेजांचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो. आठवड्यास बहुधा एक, तोही शनिवारी, असे सुमारे बारा सामने प्रत्येक संघास मिळतात आणि निवडक संघांचे शेवटचे सामने डिसेंबर-जानेवारीत होतात. रटगर्स व प्रिन्स्टन या दोन विद्यालयांमध्ये १८६९ साली झालेल्या सामन्यापासून ही परंपरा मोजतात.

परंतु आज शिस्तीचा दिसणारा हा खेळ एके काळी मरणाचा खेळ होता. गड्यांनी एकमेकांत हात गुंतवून घोळक्याने तुटून पडावे, खाली सापडेल तो चिरडला जावा, असा प्रकार चाले. १९०५ च्या एका हंगामात किमान अठरा तरुण प्राणास मुकले. कोलंबिया विद्यापीठाने तर खेळच बंद केला. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरात हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील मंडळींस आपल्या निवासस्थानी बोलावून खेळ सुधारण्यास सांगितले. डिसेंबरात बासष्ट संस्थांचे प्रतिनिधी न्यूयॉर्क येथे जमले, आणि १९०६ साली नवे नियम आले. चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाल्याने गड्यांचा घोळका फुटून मैदानभर पांगला. त्याच वेळी तीन प्रयत्नांत दहा यार्ड अशी अट घातली गेली. ती कठीण ठरल्यामुळे १९१२ साली चौथा प्रयत्न जोडण्यात आला. खेळ टाकून देण्यापेक्षा नियम बसवणे शहाणपणाचे, एवढा बोध त्या समाजाने अठरा प्रेते पाहून घेतला.

आता साताऱ्याकडे वळू. आपल्याकडेही भूमीचा आणि चढाईचा एक खेळ पूर्वापार चालत आलेला आहे. महाराष्ट्रात तो हुतुतू, बंगालात हाडुडु, तामिळ देशात चेडुगुडु. आज सर्वत्र त्यास कबड्डी म्हणतात. चेंडू नाही, फळी नाही; एक दम आणि एक रेषा एवढीच सामग्री. परंतु गावागणिक नियम निराळे असल्याने दोन गावांचा सामना म्हणजे वादास निमंत्रणच असे. अमेरिकेतील त्या सुधारणेनंतर बारा-तेरा वर्षांनी, १९१८ साली, साताऱ्यातील काही क्रीडाप्रेमी मंडळींनी या खेळास नियमांची चौकट घालण्याचा उद्योग केला. पुढे १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियमांचे पुस्तक काढून सामने भरवले. १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली. आणि १९९० साली बीजिंग येथील आशियाई क्रीडासामन्यांत हा खेळ जाऊन भारतास सुवर्णपदक मिळाले.

या नियम ठरवणाऱ्या मंडळींपुढे जो प्रश्न होता, तो आमच्या मते केवळ खेळाचा नव्हता. त्या काळी खेळाचे तीन प्रकार रूढ होते. 'गामिनी'त एकदा बाद झालेला गडी, त्याचा सगळा पक्ष बाद होईपर्यंत, बाहेरच बसे. 'अमर' प्रकारात गडी बाद झाला तरी मैदान सोडीत नसे. प्रतिपक्षास एक गुण मिळे आणि हा आपला जागच्या जागी. तिसरा 'संजीवनी'. यात बाद झालेला गडी बाहेर जाई. परंतु त्याच्या सोबत्याने प्रतिपक्षाचा एक गडी मारला की हा जिवंत होऊन परत येई.

गामिनीत दुबळा मुलगा आरंभीच बाद होतो आणि इतरांचा खेळ पाहण्यात त्याचा सगळा डाव जातो. अर्थात तो कधीच सबळ होत नाही. अमर प्रकारात बाद होण्याची लाजही नाही आणि भीतीही नाही, म्हणून सावध राहण्याचे कारणही नाही. आजच्या कबड्डीत जो नियम स्थिरावला तो संजीवनीचा. त्याची बारीक कलमे मोठी विचार करण्याजोगी आहेत. गडी बाद झाल्याचा गुण प्रतिपक्षाकडे कायम राहतो. पुढे तो जिवंत झाला म्हणून ती नोंद पुसली जात नाही. जिवंत होताना क्रम पाळावा लागतो. जो आधी बाद झाला तो आधी परततो, तेथे लाडका-दोडका चालत नाही. सातही गडी बाद झाले म्हणजे लोण बसतो, प्रतिपक्षास दोन गुण अधिक मिळतात, परंतु त्याच क्षणी सातही जण पुन्हा मैदानात येतात. पराभव जेव्हा पुरा होतो तेव्हाच सर्वांस नवा आरंभ मिळतो, असा हा नियम आहे.

ज्या कोणी हे नाव ठेवले त्याच्या कानावर आदिपर्वातील कथा निश्चित गेलेली असावी. शुक्राचार्यांकडे विद्येसाठी राहिलेल्या कचास दानवांनी तीनदा मारले आणि तीनही वेळा तो जिवंत झाला. परंतु तो आपल्या बळाने जिवंत झाला नाही. प्रत्येक वेळी देवयानीने पित्यापाशी हट्ट धरला म्हणून झाला. कबड्डीतही बाहेर बसलेला गडी स्वतःस जिवंत करू शकत नाही. त्यासाठी आत असलेल्या कोणीतरी दम धरावा लागतो.

आता आपल्या कॉलेजांच्या हंगामाकडे पाहा. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात. विश्रामबागेतील विलिंग्डन कॉलेज १९१९ सालचे. साताऱ्यातील छत्रपती शिवाजी कॉलेज कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली काढलेले. पावसाळ्यात संघ निवडला जातो. बारा जण निवडावे, सात जणांनी खेळावे, पाच जणांनी वाट पाहावी. पुढे आंतरमहाविद्यालयीन सामने, त्यांतून विद्यापीठाचा संघ, आणि मग परविद्यापीठांशी गाठ. अमेरिकन संघास एक सामना हरला तर पुढचा शनिवार असतो. आपल्याकडे बाद पद्धतीचा सामना हरला की कॉलेजचा हंगाम तेथेच संपतो. तीन महिन्यांची मेहनत चाळीस मिनिटांत बाहेर जाते, आणि त्याच सुमारास परीक्षा दाराशी येते.

मग घरात बोलणी सुरू होतात. सामना हरला, आणि त्यातच एखाद्या विषयात गुण कमी पडले, तर सगळे खापर खेळावर फुटते. मुलगी असेल तर हे खापर दुप्पट जड असते. २०१० पासून आशियाई सामन्यांत स्त्रियांची कबड्डी आहे आणि त्या पहिल्याच वर्षी आपल्या मुलींनी सुवर्णपदक आणले, तरी घरातील बोलणी तीच राहतात.

शिक्षकाच्या नात्याने अनेक घरे जवळून पाहिल्यावर आम्हांस वाटते की, घरेही या तीन प्रकारांचीच असतात. काही घरे गामिनी. मुलगा एका परीक्षेत नापास झाला की पंगतीत, पाहुण्यांत, लग्नकार्यात तो कायमचा 'तो नापास झालेला'; त्याच्या मताला किंमत नाही, त्याच्याकडे काम सोपवणे नाही. काही घरे अमर. तेथे मुलाच्या हातून काहीही होवो, दोष परीक्षकाचा, पंचाचा किंवा नशिबाचा. तो कधी बाद होतच नाही, म्हणून कधी शिकतही नाही. संजीवनीची घरे थोडी. तेथे नापास झाला ते नापासच म्हणतात. नोंद लपवीत नाहीत. परंतु पुढच्या परीक्षेपर्यंत रात्री त्याच्याजवळ कोणीतरी बसते.

एकत्र कुटुंबाचा सर्वांत मोठा उपयोग हाच नव्हे काय? एकट्या आईबापांस चढाई आणि रक्षण दोन्ही करता येत नाही. बाप रागावला असेल तर काकाने गणित घ्यावे, आजोबांनी पहाटे उठवावे, काकूने पाहुण्यांसमोर तो विषय निघू देऊ नये. आणि हे करताना क्रम पाळावा. धाकट्याचे कौतुक चालू असताना थोरला अजून रेषेबाहेर बसलेला आहे, हे ध्यानी असावे.

या वर्षी आपल्या घरातील कोणी संघात असेल तर त्यास सामन्यास जरूर जाऊ द्यावे, आणि हरून आला तर जेवण झाल्यावर एवढेच विचारावे की, तू बाद झाल्यावर तुला जिवंत कोणी केले, आणि तू कोणास केलेस? गुणफलक तो आपण होऊन सांगेल.