कानात थेंब, घशात कडू

आषाढ लागला की जुन्नर तालुक्याचा पश्चिम पट्टा आठवडेच्या आठवडे ओलाचिंब राहतो. माळशेज आणि नाणेघाटाच्या माथ्यावर ढग उतरतात, आंबेगावच्या बाजूस भीमाशंकरच्या रानापर्यंत झड लागून राहते, दांडीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. जी गत कपड्यांची तीच कानाची. प्रौढ माणसाच्या कानाची बाहेरील नळी सुमारे अडीच सेंटीमीटर लांब, किंचित वळलेली आणि आतल्या टोकाला पडद्याने बंद झालेली असते. तीत शिरलेला ओलावा सहजासहजी बाहेर पडत नाही. त्यात बुरशी धरते, जंतू वाढतात. विहिरीत आणि कालव्यात सूर मारणारी मुले, पागोळ्यांखाली भिजलेली माणसे, काडीने कान कोरणारे आजोबा, असे सर्वजण या दिवसांत कान धरून दवाखान्यात बसलेले दिसतात. आणि दवाखान्यात येण्यापूर्वी त्यांपैकी बहुतेकांच्या कानात काही ना काही ओतून झालेले असते.

जुन्नरच्या पेठेतील एका व्यापारी कुटुंबात गेल्या पर्युषणात घडलेली हकिकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. घरातील आजींचे वय सत्तरीला टेकलेले. मधुमेहामुळे डॉक्टरांनी उपवास मना केला होता. चौविहार मात्र त्यांनी सोडला नव्हता. पर्वाच्या दुसऱ्या रात्री त्यांचा उजवा कान ठणकू लागला. या घरात लसूण येत नाही. परंतु कान दुखला की शेजारून चार पाकळ्या मागवून तिळाच्या तेलात कढवायच्या आणि ते कोमट तेल कानात सोडायचे, ही रीत मात्र तीन पिढ्यांची. व्रतवैकल्यांत कडक असलेली घरेही औषधाच्या बाबतीत शेजारधर्मावर किती सहज विसंबतात, याचे कौतुकच वाटते. त्या रात्री पर्वाच्या दिवसांत लसूण नको म्हणून तेल राहिले. सूनबाईंना फ्रिजच्या दारातील एक बाटली आठवली. धाकट्या नातवाला आदल्या उन्हाळ्यात पोहण्यामुळे कान दुखला तेव्हा आणलेले ते थेंब होते. अर्धी बाटली शिल्लक होती. बाटलीवरील मुदतही संपलेली नव्हती.

थेंब पडताच आजींना खोली गरगर फिरल्यासारखी वाटली. त्या पलंगाची कड धरून राहिल्या. ती भोवळ एखाद्या मिनिटात ओसरली आणि मग त्या म्हणाल्या, “अगं, घशात कडू उतरलं. माझ्या चौविहाराचं काय?”

“आई, कानात घातलेलं पोटात कसं जाईल? तुम्हांला भास झाला असेल,” असे मुलाने समजावले.

मुलाचे म्हणणे तर्काला धरून होते, आणि चूक होते. आजींना झालेला भास नव्हता. त्यांच्या व्रताचे काय झाले हा निर्णय महाराजसाहेबांनी द्यावयाचा. पण घशातील त्या कडू चवीला वैद्यकाच्या दृष्टीने एक निश्चित अर्थ होता. तो अर्थ घरातील कोणाला ठाऊक नव्हता, म्हणून पुढील दोन दिवस सकाळ-दुपार तेच थेंब चालू राहिले. चवीचा विषय आजींनीही पुन्हा काढला नाही.

तिसऱ्या दिवशी कानातून पाणी येऊ लागले तेव्हा त्यांना नारायणगावास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले. कान तपासण्यापूर्वीच डॉक्टरांनी विचारले, “आजी, थेंब घातल्यावर घशात चव येते का?” आजींनी एकवार मुलाकडे पाहिले आणि मान हलवली.

कानाचा पडदा शाबूत असतो तेव्हा बाहेरील नळी ही एका बाजूने बंद असलेली खोली असते. तीत घातलेला थेंब पडद्यापाशी थांबतो. पडद्याच्या पलीकडे मध्यकर्ण असतो आणि तेथून एक अरुंद नळी नाकामागे, घशाच्या वरच्या भागात उतरते. जुन्नरकरांना समजेल अशा भाषेत सांगावयाचे तर ती कानाचा नाणेघाट आहे. वरचा मुलूख आणि खालचा मुलूख तिने जोडलेला. पडद्याला छिद्र असेल तर कानातला थेंब मध्यकर्णात शिरतो, घाट उतरतो आणि जिभेच्या मागे कडू लागतो. आजींच्या पडद्याला जुने छिद्र होते. लहानपणी आपला कान वाहत असे, असे त्यांनी डॉक्टरांसमोर प्रथमच सांगितले. पन्नास वर्षे एकत्र नांदलेल्या घराला ते माहीत नव्हते.

छिद्र असलेल्या कानात कोणते थेंब गेले, याला मोठे महत्त्व आहे. नातवासाठी आणलेल्या बाटलीत निओमायसिन होते. हे औषध स्ट्रेप्टोमायसिनच्या कुळातले. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि क्षयरोगावर पहिले प्रभावी औषध हाती आले. परंतु ते घेणाऱ्या काही रुग्णांचा तोल जाऊ लागला, काहींचे ऐकू येणे गेले. त्या कुळातील निओमायसिन, जेंटामायसिन यांसारख्या औषधांत अंतर्कर्णातील नाजूक पेशींना इजा करण्याचा गुण आहे आणि त्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. पडदा शाबूत असलेल्या नातवाच्या कानात ते औषध तिथपर्यंत पोहोचत नव्हते. आजींच्या कानात वाट मोकळी होती. छिद्र असताना सिप्रोफ्लोक्सासिन किंवा ओफ्लोक्सासिन यांसारखे थेंब देता येतात, कारण त्यांत ही भीती नाही. बाटल्या दिसावयास सारख्याच. म्हणूनच अशा औषधांवर लाल रेघ असते आणि ती चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे. दुकानदाराला बाटलीतले औषध माहीत असते, समोरच्या माणसाच्या कानाचा पडदा त्याला दिसत नाही.

सुश्रुताने कानाचे २८ रोग मोजले आणि कर्णशूल हा त्यांतील केवळ एक. घरोघरी मात्र कान दुखणे हा एकच रोग आणि थेंब हे त्याचे एकच औषध, अशी समजूत रुळली आहे. सर्दीनंतर लहान मुलाचा कान ठणकतो तो बहुधा पडद्यामागे साचलेल्या द्रवाने. पडदा शाबूत असेल तर प्रतिजैविकाचे थेंब तिथे पोहोचतच नाहीत. दाढ किडली, घसा सुजला, जबड्याचा सांधा दुखावला तरी वेदना कानात जाणवते. तंबाखू खाणाऱ्या माणसाचा एक कान आठवडेच्या आठवडे दुखत असेल आणि कान तपासून निर्दोष आढळला, तर तोंड आणि घसा नीट तपासून घेतलाच पाहिजे. तेथील कर्करोगाची पहिली खूण कधी कधी कानात उमटते. वृद्ध मधुमेही व्यक्तीच्या कानात रात्री झोप न लागू देणारी कळ येत असेल, तर तीही घरगुती उपचारांची गोष्ट नव्हे. अशा रुग्णांत बाहेरील नळीचा संसर्ग हाडापर्यंत पोहोचू शकतो. चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली, कानामागे सूज आली, ताप चढला किंवा भोवळ थांबेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आजींना आलेल्या भोवळीचे कारण वेगळे होते, आणि तेवढेच टाळण्याजोगे. बाटली फ्रिजमधील होती. व्हिएन्ना येथील कर्णरोगतज्ज्ञ रॉबर्ट बारानी यांच्या ध्यानात आले होते की थंड पाण्याने कान धुतला की रुग्णाला चक्कर येते. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव एका बाजूने गार झाला की तो हलू लागतो आणि मेंदूला शरीरच फिरत असल्याचा निरोप जातो. या संशोधनाला १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. घरातल्या माणसाने त्यातून इतकेच घ्यावे की बाटली दोन-तीन मिनिटे मुठीत धरून अंगाच्या उबेइतकी कोमट करावी. गरम पाण्यात उकळू नये, गॅसजवळ धरू नये.

डॉक्टरांनी थेंब लिहून दिले असतील तर ते घालण्याची रीत साधी आहे, तरी घाईत ती पाळली जात नाही. हात धुवावेत. दुखरा कान वर करून कुशीवर निजावे. मोठ्या माणसाच्या कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, म्हणजे नळीचा बाक सरळ होतो. तीन वर्षांच्या आतील मुलाची पाळी खाली आणि मागे ओढावी. कान वाहत असेल तर आधी बाहेरचा स्राव स्वच्छ कापसाने टिपून घ्यावा, नाही तर औषध स्रावावरच तरंगत राहते. बाटलीचे टोक कानाला लागू देऊ नये. सांगितले तेवढेच थेंब सोडून कानापुढचा लहानसा उंचवटा चार-पाच वेळा हलकेच दाबावा आणि पाच मिनिटे तसेच पडून राहावे. थेंब घालून लगेच उठून कामाला लागणाऱ्या गृहिणीचे अर्धे औषध पदरावर जाते.

बाटल्यांविषयी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगावयास हवी. चेकवरील तारीख आणि त्याची तीन महिन्यांची मुदत घरातील कर्ता माणूस डोळ्यांत तेल घालून पाहतो; औषधाच्या बाटलीला मात्र दोन मुदती असतात हे त्याच्या गावी नसते. छापलेली तारीख बंद बाटलीची. बूच उघडल्यानंतरची मुदत वेगळी असते, ती वेष्टनावर दिलेली असते आणि बहुतेक थेंबांच्या बाबतीत सुमारे चार आठवड्यांचीच असते. नातवाची बाटली तीन महिन्यांपूर्वी उघडलेली होती. शिवाय डोळ्यांचे आणि कानाचे थेंब एकाच फळीवर ठेवण्याची सवय घातक आहे. डोळ्यांचे काही थेंब डॉक्टर कानासाठीही देतात. पण केवळ कानासाठी असलेले औषध डोळ्यात गेले तर डोळ्याला इजा होते. चष्मा काढलेल्या वृद्धाला रात्री दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात.

लसणाच्या तेलाबद्दलही आजींनी डॉक्टरांना विचारले. डॉक्टर हसले आणि म्हणाले, “आजी, तेल गरम निघालं तर नळी भाजते, आणि तुमच्या कानात तर ते थेट आत उतरेल. त्यातून मला कान तपासायचा तर आधी तेल काढत बसावं लागतं.”

निओमायसिनचे थेंब त्याच दिवशी बंद झाले. नवे थेंब दिवसातून दोनदाच घालावयाचे होते, म्हणून डॉक्टरांनी आजींची अडचण ऐकून घेऊन वेळा लिहून दिल्या: एक सकाळी, दुसरी सूर्यास्तापूर्वी. अंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवण्यास सांगितले. रक्तातील साखर तपासली, ती वाढलेली होती. कान कोरडा झाल्यावर श्रवणचाचणी झाली. उजव्या कानाने ऐकू येणे बरेच कमी भरले. त्यातले जुन्या छिद्रामुळे किती आणि त्या दोन-तीन दिवसांमुळे काही की नाही, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. पूर्वीची चाचणीच नव्हती, ताडून पाहणार कशाशी? साखर आटोक्यात आली आणि कान कोरडा राहिला, तर पडद्याच्या शस्त्रक्रियेचा विचार दिवाळीनंतर करू, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

फ्रिजच्या दारात आता औषधाची एकच बाटली आहे. तिच्यावर सूनबाईंनी डॉक्टरी पट्टीचा तुकडा चिकटवून लिहिले आहे: आजी, उजवा कान, आणि खाली बूच उघडल्याची तारीख.