चूक दप्तराची, हेलपाटे खातेदाराचे

ई-प्रशासन रखडतं कशामुळे, असं विचारलं की मंत्रालयापासून तहसीलपर्यंत एकच उत्तर ऐकू येतं: लोकांची तयारी नाही. खेड्यात रेंज नाही, शेतकऱ्याला ऑनलाइन अर्ज भरता येत नाही, जनजागृती कमी पडते. रेंजची तक्रार खरी आहे. बाकीचं मला मान्य नाही.

1998 साली वारणानगर परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर-सांगलीकडची 70 गावं संगणकाने जोडायची होती. शेतीसल्ला, आरोग्य, शिक्षण अशी स्वप्नं कागदावर होती. शेतकऱ्यांनी केंद्रावर जाऊन विचारलं ते एवढंच, की ऊस किती गेला, वजन किती भरलं, बिल किती निघालं. पुढे संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिले, तर तेवढ्यावरही ते काम भागलं. यावरून लोक मागासलेले ठरवणाऱ्यांना ऊसकरी कळलेलाच नाही. ज्यात आपला पैसा अडकलाय ते यंत्र माणूस बरोबर शिकतो. आठवडे बाजारात मेथीच्या जुड्या विकणारी बाई आज क्यूआर कोड टांगून बसते. तिच्यासाठी कुणी शिबिर भरवलं होतं?

मग तयारी नाही ती कोणाची? सातबारा घ्या. हाती लिहिलेले उतारे संगणकात चढवताना कुठे आडनाव बदललं, कुठे गुंठे घटले, कुठे सातबारा आणि आठ-अ यांचा मेळच बसेना. म्हणून 2017 मध्ये चावडी वाचन झालं. उतारे गावासमोर वाचायचे, लोकांनी चूक सांगायची. ई-फेरफार प्रकल्पातला हा सर्वांत शहाणा निर्णय होता असं मला वाटतं, आणि गंमत अशी की त्यात संगणकाचा वाटा सर्वांत कमी होता. पण चावडीवर कोण होतं? गावात राहणारे. मुंबईला नोकरीला गेलेला भाऊ नव्हता, सासरी गेलेली बहीण नव्हती. त्यांच्या नावातली चूक कळते ती कर्ज काढताना किंवा वाटणीच्या वेळी. मग जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली अर्ज करा, जुन्या नकला रेकॉर्ड रूममधून काढा, तहसीलदारांच्या आदेशाची वाट पाहा. चूक दप्तराची, पण ती सिद्ध करण्याचा भार खातेदारावर.

यावर काही जण लगेच म्हणतात, ‘बघा, यापेक्षा पूर्वीचा तलाठीच बरा होता.’ नव्हता. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा 2018 पासून मिळू लागला, तोही पंधरा रुपयांत. मी स्वतः तो रात्री अकरा वाजता काढलाय. त्या वेळी तलाठ्याचं दार वाजवायची माझी हिंमत झाली नसती.

तिसरा पक्ष अतिउत्साही: सगळं ऑनलाइन आलं की चिरीमिरी संपली! उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज ऑनलाइन जातो हे खरं, पण सोबत तलाठ्याचा अहवाल लागतो आणि तो मिळवायला पाय सज्जाकडेच वळतात. शिधापत्रिका शासनाने दिलेली, तिची स्कॅन प्रत शासनालाच हवी, वर फाइलचा आकार अमुक केबीच्या आत. 2006 च्या राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स आराखड्यात 27 प्रकल्प होते. खात्या-खात्याने आपापलं घर बांधलं, मधल्या भिंतींना दारं ठेवायची मात्र राहून गेली.

माझं म्हणणं फार क्रांतिकारक नाही. जो कागद शासनाकडे आहे तो लोकांकडे मागू नये. आणि टंकनाची चूक हस्तलिखिताशी ताडून दिसत असेल, तर ती ज्या कार्यालयाने केली त्यानेच, खातेदाराच्या अर्जाची वाट न पाहता, निस्तरावी. ‘अशाने कुणीही कुणाचं नाव घुसडेल’ हा आक्षेप मला ठाऊक आहे. जुन्या पानाची प्रतिमा शेजारी ठेवा, बदल कुणी आणि केव्हा केला ते उमटू द्या, सर्व सहहिस्सेदारांना आधी नोटीस द्या. बनावट नोंदीला कागदी फेरफारापेक्षा इथे कमी वाव राहील. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड आहे, पण त्याचा रोख विलंब आणि नकार यांवर. दाखला वेळेत मिळाला आणि चुकीचा मिळाला, तर काय?

दर 1 ऑगस्टला महसूल दिन साजरा होतो, सत्कार होतात. त्याच दिवशी गावोगाव चावडी वाचन ठेवावं, दर वर्षी. मुंबईचा भाऊ आणि सासरची बहीण व्हिडिओ कॉलवर घ्यावी, चूक निघाली तर तिथेच पंचनामा करावा, आणि आदेश किती दिवसांत निघणार ती तारीख चावडीच्या फळ्यावर खडूने लिहावी.